खडू आणि आस

आमच्या कचेरीतील टेबलावर गेल्या वर्षापासून लोखंडाचा एक तुकडा असतो. लांबी चार बोटे, जाडी अंगठ्याहून थोडी अधिक. त्याच्या एका अंगाला दात्यांसारख्या उभ्या खाचा आहेत आणि दुसरे अंग तिरपे, पीळ घेऊन तुटलेले आहे. कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून आम्ही तो वर ठेवतो. परवा शाळा तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि कुतूहलाने विचारले, "हेडमास्तर, हे कोणते शैक्षणिक साहित्य?" आम्ही म्हणालो, "साहेब, हा मोटारीच्या मागच्या आसाचा तुकडा आहे. तो तुटला, त्यात आमचाही हात होता." साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. वाचकांना मात्र त्यामागची हकीकत सांगितली पाहिजे. एरवी या पानातून आम्ही भाषा, शाळा आणि सणवार यांविषयी लिहितो. या महिन्यात एका मोटारीविषयी लिहीत आहोत, त्याबद्दल क्षमा असावी.

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागले की उद्यमबाग मागे पडते आणि मच्छे येते. हाच रस्ता पुढे घाट उतरून गोव्यात जातो. जुन्या मंडळींच्या आठवणीतले मच्छे म्हणजे भाताची शेते, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आज गावालगत औद्योगिक वसाहत आहे. ओतकामाचे कारखाने आहेत, पंप आणि झडपा बनविणारे कारखाने आहेत, आणि एकेका पत्र्याच्या छपराखाली दोन-दोन लेथ घेऊन बसलेले असंख्य लहान कारागीर आहेत. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या पत्त्यातही मच्छे हे नाव आहे. सकाळी म्हशीची धार काढून पहिल्या पाळीला जाणारा माणूस इकडे नवलाचा नाही. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले या छपरांखाली उभी आहेत. मराठीत बाराखडी शिकलेल्या या मुलांना कन्नडमध्ये हिशेब सांगता येतो आणि इंग्रजीतले नकाशे वाचता येतात.

त्यांतील एक टर्नर आहे. वर्गात तो कधी चमकला नाही. निबंध तर त्याने आम्हांला अर्ध्या पानाच्या वर कधी दिला नाही. दहावीनंतर आय. टी. आय. केली, दुसऱ्याच्या कारखान्यात दहा वर्षे काढली आणि मग कर्ज काढून स्वतःचा लेथ घेतला. दर खंडेनवमीला तो आम्हांला पूजेला बोलावतो. लेथला हळदकुंकू वाहिलेले असते, झेंडूची माळ घातलेली असते, आणि आम्ही त्या दिवशी त्याच्या छपराखाली बसून चहा घेतो. दुसरा मुलगा त्याच्याहून पुष्कळ लहान. बुद्धीने तल्लख, घरचा सुखवस्तू, आणि मोटारींचे वेड डोक्यात भिनलेला. ही हकीकत या दोघांची आणि आमची.

या धाकट्याने एक जुनी मोटार मिळविली. मारुती ८०० ही १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आली. तिच्या पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ मिळते. त्यापूर्वीच्या अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी, आणि नंतर १९८४ मध्ये आलेली कॉन्टेसा, या साऱ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. ही मोटार त्याच घडणीची होती. मुलाने तिच्यात मूळच्या दुपटीहून अधिक जोराचे इंजिन बसवून घेतले होते, कारण त्याला 'ड्रॅग रेस'मध्ये उतरायचे होते.

हा शब्द आम्हांलाही नवा होता. या शर्यतीत वळण नसते. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी उभ्या, दिवा लागला की सुटायचे आणि टोक गाठायचे. काही सेकंदांचा कारभार. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या पात्रांवर आणि वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर तरुण मुले हा खेळ खेळत. रस्त्यारस्त्यांवर चालणाऱ्या या धुडगुसाला शिस्त लावावी म्हणून वॅली पार्क्स यांनी १९५१ साली तेथे एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात अशा शर्यती झाल्या. आमच्या मुलाला असल्याच एका धावपट्टीचे वेध लागले होते.

आणि आपण नाक तरी कोणत्या तोंडाने मुरडावे? शर्यतीची हौस या मातीला नवी नाही. बेळगाव-निपाणी भागातील यात्राजत्रांतून बैलगाड्यांच्या शर्यती पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी आणली, २०१७ मध्ये कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्त्या केल्या, आणि अखेर मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या दुरुस्त्या ग्राह्य धरल्या. त्या काळात गावोगावच्या पारांवर दुसरा विषय नव्हता. तेव्हा मोटारवेड्या मुलाला दोष देण्याआधी आपण आपल्याच आजोबांकडे पाहिलेले बरे.

नवे इंजिन बसविल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात मुलाच्या गाडीचा मागचा आस गेला. बैलगाडीचा आस आणि मोटारीचा आस यांत एक मोठा भेद आहे, तो येथे सांगणे अवश्य आहे. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. त्याचे काम गाडीचा भार तोलण्याचे. ओढ बैलांच्या खांद्यावरून जुवाला आणि जुवातून गाडीला मिळते, तिचा आसाशी संबंध येत नाही. मोटारीत इंजिनाची ओढ लांब दांड्यातून मागे येते, मधल्या डिफरन्शियलमध्ये काटकोनात वळते, आणि तेथून डावा आणि उजवा असे दोन दांडे ती चाकांना पोचवितात. या दांड्यांना कारागीर 'हाफ शाफ्ट' म्हणतात. हा दांडा स्वतः फिरतो आणि पीळ सहन करतो. मालमोटारीत गाडीचा भार बाहेरचे नळीसारखे कवच उचलते आणि आतल्या दांड्याकडे केवळ पीळ राहतो. म्हणूनच घाटात बंद पडलेल्या ट्रकचा ड्रायव्हर चाक न काढता, मधले बोल्ट सोडून तुटका दांडा ओढून काढताना आपण पाहतो. पुष्कळशा लहान मोटारींत मात्र चाक थेट या दांड्याच्या टोकालाच जोडलेले असते. त्यामुळे भारही त्याच्यावर आणि पीळही त्याच्यावर. तो बाहेरच्या अंगाने तुटला तर चाकच गाडी सोडून जाते.

मुलाचा पहिला दांडा तुटला नव्हता. त्याच्या टोकाच्या सरळ खाचा पिळलेल्या दोरीसारख्या वळल्या होत्या. तो घेऊन मुलगा मच्छेला टर्नरकडे गेला. टर्नरने दांडा पाहिला, मोजला आणि सांगितले, "नवा करून देतो. पण पोलाद चांगले आणावे लागेल आणि भट्टीला पाठवावे लागेल. पंधरा दिवस तरी लागतील." मुलाची शर्यत दहा दिवसांवर आली होती. तो आमच्या घरी आला, पाठोपाठ त्याचे वडीलही आले. चांगल्या ओळखीचे गृहस्थ. "तो टर्नर तुमचा विद्यार्थी. तुमचा शब्द तो मोडणार नाही," असे ते म्हणाले.

वाचकहो, शिक्षकाला एवढे पुरते. आपला शब्द अजून कोणी मानतो ही कल्पनाच त्याला सुखावते. आम्ही त्याच संध्याकाळी टर्नरकडे गेलो आणि म्हणालो, "अरे, आपल्याच शाळेचा पोर आहे. चार दिवसांत जमवून दे." तो लेथ थांबवून थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "सर, दांडा चार दिवसांत निघेल. पण पाणी नीट बसणार नाही." आम्हांला त्याचा अर्थ नीट कळला नाही, आणि कळून घेण्याची तसदीही आम्ही घेतली नाही. "तू मनावर घेतलेस तर काय होणार नाही?" असे शिक्षकी वाक्य आम्ही टाकले. तो म्हणाला, "तुम्ही सांगितलासा म्हणून करतो."

पाचव्या दिवशी दांडा गाडीत बसला. रविवारी सकाळी वसाहतीतील एका रिकाम्या रस्त्यावर मुलाने गाडी उभी केली. कौतुकाने आम्हीही गेलो होतो. आमच्या शाळेतील सहावी-सातवीची आठदहा पोरे रस्त्याकडेच्या मोरीवर रांगेने बसली होती. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि कोणी उठविलेही नाही. मुलाने इंजिन चढविले, क्लच सोडला, मागची चाके क्षणभर रस्ता धरून राहिली आणि घण बसावा तसा आवाज झाला. गाडी थोडी सरकून थांबली. इंजिन ओरडत होते आणि चाके निश्चल होती. पोरांनी टाळ्या वाजविल्या. त्यांना वाटले, गंमतच झाली.

दांडा आतल्या टोकाशी, डिफरन्शियलच्या तोंडाजवळ तुटला होता. तुटलेला खाचांचा तुकडा टर्नरने आतून काढला, पुसला आणि मोरीकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "सर, हा आत तुटला म्हणून चाक जागेवर राहिलं. तिकडच्या टोकाला तुटला असता तर चाक सुटून त्या पोरांत गेलं असतं." त्यापुढे आमच्याने तेथे उभे राहवेना. त्या रांगेतील प्रत्येक पोराचे नाव आम्हांला हजेरीपटावरून पाठ आहे.

सोमवारी शाळा सुटल्यावर टर्नर आपणहून आला. हातात दोन्ही दांड्यांची टोके होती. आमच्या टेबलावरील खडूची पेटी पाहून त्याने दोन खडू उचलले. "सर, हा पिळा," म्हणून त्याने एक आमच्या हातात दिला. आम्ही दोन्ही टोके धरून खडू पिळला. तो कटकन् तुटला, आणि तुटला तो आडवा नव्हे, तर स्क्रूच्या आट्यासारखा तिरपा. तुटलेले दोन्ही भाग पुन्हा जुळवून पाहिले तर ती रेघ खडूभोवती जवळजवळ पंचेचाळीस अंशांचा कोन करून फिरली होती. बत्तीस वर्षे आम्ही खडू हातात धरीत आहोत. सहस्रावधी खडू आमच्या हातून तुटले असतील. तुटलेल्या खडूकडे आम्ही कधी पाहिले नव्हते.

मग त्याने टेबलावर दुसऱ्या दांड्याचे टोक ठेवले. त्याचा तुटका भाग थेट त्या खडूसारखा, तिरपा आणि पीळ घेतलेला. शेजारी पहिला, मूळचा दांडा ठेवला. त्याच्या खाचा दोरीसारख्या वळलेल्या, परंतु तो अखंड. टर्नर म्हणाला, "हा पहिला मऊ होता. जोर झेपेना तसा वळत गेला. वळला म्हणून आपल्याला कळलं. आणि हा दुसरा, मी केलेला, काचेसारखा. ह्यानं काही सांगितलंच नाही."

कोयत्याला किंवा विळ्याला पाणी पाजणारा लोहार आपण सर्वांनी पाहिला आहे. पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडविले की ते कठीण होते. परंतु त्याबरोबर ते ठिसूळही होते. म्हणून जाणता लोहार तेथे थांबत नाही. तो ते पुन्हा बेताच्या आचेवर तापवितो आणि त्याचा ताठा उतरवितो. कारखान्यात याला टेम्परिंग म्हणतात. असल्या दांड्यांसाठी कारागीर 'ईएन-२४' जातीचे पोलाद पसंत करतात. त्यात निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचा अंश असतो. साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून ते तेलात बुडवायचे आणि मग सहाशेच्या आसपास पुन्हा तापवून सावकाश उतरवायचे. त्यामुळे कठीणपणा थोडा कमी होतो, परंतु चिवटपणा येतो, आणि पीळ सोसणाऱ्या वस्तूला हा चिवटपणाच तारतो. हे काम मोजमापाच्या भट्टीतच व्हावे लागते, आणि भट्टीचा मालक एका दांड्यासाठी भट्टी पेटवीत नाही, इतरांचा माल जमेपर्यंत थांबावे लागते. टर्नरने मागितलेले पंधरा दिवस ते होते. आमच्या शब्दाखातर त्याने साध्या भात्यावर दांडा तापविला, तेलात बुडविला आणि दुसऱ्या आचेला फाटा दिला. 'पाणी नीट बसणार नाही' याचा अर्थ हा होता.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघे टर्नरच्या छपराखाली बसलो. फळ्याऐवजी पत्रा होता, खडू आमचाच होता आणि शिकविणारा टर्नर होता. मुलाने गणित मांडले. आम्ही मराठीचे एम. ए., तरी ते समजले, म्हणून वाचकांनाही समजेल असे वाटते. पीळ मोजण्याची सोपी रीत अशी, की एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला किती किलो वजन लटकविले. जुन्या इंजिनाचा पीळ १२ किलोग्रॅम-मीटर धरला, तर पहिल्या गिअरमध्ये आणि पुढे डिफरन्शियलमध्ये तो वाढून सुमारे १४ पट होतो, म्हणजे १६८. दोन दांड्यांत तो सारखा वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी ८४. नवे इंजिन ३० चे. त्याचा हिशेब प्रत्येकी २१० वर जातो.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच होती. इंजिनात कितीही जोर असो, चाक जितका रस्ता धरील तितकाच पीळ दांड्यावर येतो. मागच्या एका चाकावर ३०० किलो भार आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरा. साधा टायर साध्या डांबरी रस्त्यावर भाराच्या आठ दशांशांपर्यंत पकड घेतो असे मानले, तर ७२ किलोग्रॅम-मीटरला चाक जागच्या जागी गरगरू लागते आणि दांडा वाचतो. विजेच्या जोडणीत फ्यूजचे जे काम, तेच येथे घसरणाऱ्या चाकाचे. आमच्या मुलाने इंजिनाबरोबर शर्यतीचे मऊ, रुंद टायरही बसविले होते. त्यांची पकड भाराच्या दीडपट धरली, आणि सुटताना गाडी मागे बसते म्हणून चाकावरचा भार ४०० किलो धरला, तर हिशेब १८० वर जातो. म्हणजे मुलाने फ्यूज काढून तेथे जाड तार बसविली होती. क्लच एकदम सोडल्याने बसणारा हिसका आणि चाकाचे आपटत-आपटत पकडणे-सोडणे हे घाव वेगळेच. आम्हांला वाटत होते की इंजिनाने दांडा तोडला. प्रत्यक्षात तो टायरने तोडला होता.

मग दांडा जाड करावा काय? त्याचेही गणित मनोरंजक आहे. पिळापुढे टिकण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २८ मिलिमीटरचा दांडा ३२ चा केला, तर जाडी सातव्या हिश्शाने वाढते, परंतु शक्ती जवळजवळ दीडपट होते. म्हणून अमेरिकेतील शर्यतवाले २८ खाचांचा दांडा काढून ३१ चा आणि पुढे ३५ खाचांचा घालतात. खाचा वाढल्या म्हणजे दांडा जाड झाला, असा तो हिशेब. फोर्ड कंपनीचा १९५७ मध्ये आलेला 'नऊ इंची' आस तर या मंडळींचा जुना आवडता. नऊ इंच हा त्यातील मोठ्या दातेरी चक्राचा, म्हणजे क्राउनचा, व्यास.

परंतु जाड दांडा जुन्या डिफरन्शियलमध्ये शिरत नाही. त्यासाठी आतले गिअर बदलावे लागतात. ते बदलले की जोर क्राउन-पिनियनच्या दातांवर जातो. ते भक्कम केले की लांब दांड्याच्या जॉइंटचा क्रॉस तुटतो. तो बदलला की आसाचे कवच वाकू लागते आणि ज्या पट्ट्यांनी ते गाडीला धरले आहे त्यांच्या जोडण्या उकलतात. टर्नर म्हणाला, "सर, मोडणं कुठं जात नाही. एका जागेवरनं उठतं नि दुसऱ्या जागेवर बसतं." म्हणून सगळ्यांची यादी आधी करावी लागते आणि सर्वांत दुबळी जागा कोणती ते ठरवून काम करावे लागते. ती दुबळी जागा, शक्य तर, जेथे मोडली असता माणूस मरणार नाही अशी असावी. चाक दांड्याला धरून ठेवणारी व्यवस्था हे या यादीतील पहिले कलम. अमेरिकेतील नियमही असाच आहे. पाव मैल ठरावीक वेळेच्या आत कापणाऱ्या गाडीला, दांडा तुटला तरी चाक सुटणार नाही अशी पकड बसविल्यावाचून पट्टीवर घेत नाहीत.

त्या दिवशी घरी परतताना आम्हांला कैकेयीची आठवण झाली. कीर्तनातून आपण सर्वांनी ती कथा ऐकली आहे. देवदानवांच्या युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ पडली. राजाला त्याचे भान नव्हते. शेजारी बसलेल्या कैकेयीने खिळीच्या छिद्रात आपला हात घातला आणि युद्ध संपेपर्यंत तो काढला नाही. वाल्मीकींच्या रामायणात ती मूर्च्छित राजाला रणातून बाहेर काढते, एवढेच आहे. हाताची कथा अध्यात्म रामायणात येते. कीर्तनकार ही कथा दोन वरांच्या प्रस्तावनेसाठी सांगतात. आम्हांला त्या संध्याकाळी तिचे दुसरेच अंग दिसले. रथाचा वेग राजाचा, यश राजाचे, आणि निसटलेल्या खिळीच्या जागी हात दुसऱ्याचा. आम्ही टर्नरचा हात असाच त्या छिद्रात घालायला लावला होता. मोरीवर बसलेल्या पोरांना तर हे ठाऊकही नव्हते.

असो. मुलाचे काय झाले, हे वाचक विचारतील. त्याची ती शर्यत हुकली. चार दिवस तो रुसला, आमच्याशी बोलेना. मग एके दिवशी वही घेऊन टर्नरकडे गेला. आता त्याने यादी केली आहे. ईएन-२४ च्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांचे काम भट्टीतून होऊन आले. टर्नरने त्यांना कडेला बारीक पांढरी रेघ ओढून दिली आहे. दांडा पिळू लागला की ती सरळ रेघ वळते आणि तुटण्याआधी कळते. क्राउन-पिनियनसाठी मुलगा पैसे साठवीत आहे. इंजिन बदलले तर नोंदणीच्या कागदांवर रीतसर मंजुरी घ्यावी लागते आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, या दोन गोष्टी आम्ही त्याला वाचून दाखविल्या. त्या रविवारी वसाहतीच्या रस्त्यावर आम्ही स्वतः प्रेक्षक म्हणून उभे होतो, हेही त्यापाठोपाठ कबूल करावे लागले. त्याने एक गोष्ट उलट आम्हांला सांगितली. अमेरिकेत सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत २००८ साली एका चालकाच्या अपघाती मृत्यूनंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर आणली, ती अजून तेवढीच आहे. "सर, त्यांनीसुद्धा अंतर कमी केलं," असे तो म्हणाला. आम्ही मान डोलावली.

गेल्या खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे मच्छेला गेलो. लेथवर झेंडूची माळ होती, पाने आणि गेज ओळीने मांडले होते, आणि त्या ओळीच्या शेवटी हळदकुंकू लावलेला हा तुटका तुकडा होता. आम्ही काही विचारले नाही. चहा झाल्यावर टर्नरने तो उचलून, कागदात गुंडाळून आमच्या हाती दिला. "सर, हा तुमच्याकडं राहू दे. तुमच्याकडं लोकं येत असतात," एवढेच म्हणाला.

लोक खरेच येत असतात. कोणाला दाखल्यावरची तारीख हवी असते, कोणाला एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडे चिठ्ठी हवी असते, कोणाचे काम आठवड्याचे ते दोन दिवसांत व्हावे असे असते. पूर्वी आम्ही चिठ्ठी लगेच लिहून देत असू. आता कागद ओढण्यासाठी आधी तो तुकडा बाजूला करावा लागतो, आणि तेवढ्या वेळात आम्ही समोरच्याला विचारून घेतो की ज्याला हे काम करायचे आहे, तो किती दिवस मागतो आहे.